चांदरचं घर: सासूबाई, दोन मुलं आणि एक दुखरा गुडघा

प्रश्न असा आला आहे: "आम्ही पुण्याचे. दिवाळीच्या सुट्टीत दक्षिण गोव्यात दोन दिवस आहोत. मुलगी तेरा वर्षांची, मुलगा आठचा, सोबत बहात्तर वर्षांच्या सासूबाई, त्यांचा एक गुडघा दुखरा. चांदरचं मेनेझिस ब्रागांझा घर आणि जमल्यास आणखी तीन-चार पोर्तुगीज घरं एका दिवसात बघायची आहेत. मुलं कंटाळतील का? जिने किती? आणि सासूबाई म्हणतात, ज्यांनी आपली देवळं पाडली त्यांची घरं पैसे देऊन कशाला बघायची? त्यांना काय सांगू?"

सासूबाईंपासूनच सुरुवात करते. बाकीची उत्तरं त्या मानाने सोपी आहेत.

त्यांचा राग खोटा नाही. चांदर हे दक्षिण गोव्यातल्या साष्टी तालुक्यातलं गाव. साष्टी 1543 मध्ये पोर्तुगिजांच्या ताब्यात गेली आणि 1567 मध्ये तिथली देवळं पाडली गेली. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली, कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आला, तो त्याच काळात. मी मूळची फोंड्याची, म्हणजे हे देव जिथे आले त्याच भागातली. आमच्याकडे ही गोष्ट इतिहास म्हणून नाही, घरातली आठवण म्हणून सांगतात. तेव्हा त्यांना "तसं काही नव्हतं हो" म्हणून गप्प करू नका.

पण एक दुरुस्ती जरूर करा. चांदरचं घर कुणा फिरंग्याने येऊन बांधलेलं नाही. आडनाव पोर्तुगालच्या राजघराण्याचं असलं तरी माणसं इथलीच. ज्यांचे पूर्वज बाटले, पण ज्यांनी गाव, शेतं आणि भाषा सोडली नाही, अशा गोवेकरांपैकी हे घराणं. आणि त्याच घरात 1878 साली लुईस द मेनेझिस ब्रागांझा जन्मले. 1900 साली 'ओ हेराल्डो' हे गोव्यातलं पहिलं दैनिक सुरू करणाऱ्यांपैकी ते एक; पुढे स्वतःची पत्रं काढून त्यांनी पोर्तुगीज सरकार आणि चर्च दोघांनाही सोडलं नाही. पुढे पोर्तुगालचा हुकूमशहा झालेल्या सालाझारच्या वसाहत कायद्याविरुद्ध 1930 साली पोर्तुगीज भारताच्या विधिमंडळात स्वयंनिर्णयाच्या हक्काचा ठराव आला, त्यामागे हेच. पणजीतली जुनी इन्स्टिट्यूट वास्को द गामा मुक्तीनंतर ज्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली ते मेनेझिस ब्रागांझा म्हणजे हेच गृहस्थ. सासूबाईंना सांगा, पोर्तुगिजांना त्यांच्याच भाषेत सुनावणाऱ्याच्या घरी आपण चाललोय.

मी जुन्या घरांच्या दुरुस्तीचं काम करते. वास्तुविशारद म्हणून शिकले, पण निम्मी विद्या सुतार आणि गवंड्यांकडून घेतली. पंचवीस वर्षांनंतर 'पोर्तुगीज घर' हा शब्द माझ्या तोंडी येत नाही. भिंत जांभ्याची, आपल्या कोकणातल्यासारखी. वर उतरतं कौलारू छप्पर. मधे राजांगण, त्याभोवती ओसरी. एखाद्या हिंदू घरात तिथे तुळस असते, इथे क्रूस किंवा फुलझाडं. दारासमोर पायऱ्या आणि दोन्ही बाजूंना बसायचे कट्टे, त्याला बाल्कांव म्हणतात. हे काय आहे? आपली ओटीच, फक्त रस्त्याकडे सरकलेली. लाकूडकाम केलं ते च्यारी म्हणजे सुतार मंडळींनी, आणि ही मंडळी बहुतेक हिंदू. त्याच हातांनी चर्चच्या वेदी कोरल्या, त्याच हातांनी देवळातले मखर. पोर्तुगालहून आल्या त्या खिडक्यांच्या कमानी, दिवाणखान्याची हौस आणि नाचाचा हॉल.

मागे एकदा माझ्या आईला कुडतरीतल्या एका घरी घेऊन गेले होते. तीही अशीच कुरकुरत आली. दिवाणखान्यात ती पाहुण्यासारखी खुर्चीच्या कडेवर बसली. मग घरमालकीण आम्हाला मागे घेऊन गेली. स्वयंपाकघरात रगडो म्हणजे वाटण वाटायचा दगड होता, वापरून वापरून मधे खोल गेलेला. आईने त्याच्या काठावरून हात फिरवला आणि विचारलं, "वरवंटो खंय?" तिथून जे सुरू झालं ते तिरफळं कुठल्या महिन्यात वाळवायची इथपर्यंत गेलं. मला हॉलमधलं छत बघायचं होतं, ते मी एकटीने बघितलं. निघताना आईच्या पिशवीत आमसुलं होती.

म्हणून माझा पहिला सल्ला: तीन-चार घरांचा बेत सोडा. एका दिवसात दोन, त्याहून जास्त नाही. हे मी चूक करून शिकले आहे. ठाण्याच्या नातेवाइकांना हौसेने एका दिवसात चार घरं दाखवली. तिसऱ्या घरी पोरगं गाडीत झोपलेलं, काका बाहेर फोनवर, आणि मावशी मला विचारत होत्या की हे मघाशी बघितलं तेच ना? झुंबरं सगळीकडे झुंबरंच असतात. दोन घरांनंतर डोळा थकतो.

तुमच्यासाठी चांदर आणि केपें ही जोडी मला बरी वाटते. मडगावहून चांदर गाडीने अर्ध्या तासाच्या आत. सकाळी दहाच्या सुमारास पोचा. रविवार शक्यतो टाळा, चर्चची गर्दी असते आणि घरच्यांनाही घर घरासारखं हवं असतं. दुपारी एक ते साडेतीन कुणाच्याही दाराची घंटा वाजवू नका. गोव्यात ती वेळ झोपेची, आणि ती सवय मात्र आम्ही प्राणपणाने जपली आहे.

गाडी चर्चच्या पटांगणाजवळ लावा आणि लगेच आत घुसू नका. पाठ चर्चकडे करून घराची दर्शनी बाजू बघा. एवढी लांब बाजू गोव्यात क्वचितच दिसते. खिडक्या चोवीस म्हणतात; आठ वर्षांच्या माणसाला ते काम द्या, आणि उत्तर वेगळं आलं तर परत मोजायला लावा. मुलीला वेगळं सांगा. हे गाव म्हणजे जुनं चंद्रपूर, भोजांची राजधानी आणि नंतर कदंबांचीही. अकराव्या शतकात कदंबांनी राजधानी गोपकपट्टणला हलवली आणि चंद्रपूर मागे पडलं. गावातल्या कोटाच्या जागी उत्खनन झालं तेव्हा दगडी नंदी मिळाला, डोकं नसलेला. म्हणजे ज्या घराला आपण जुनं म्हणतोय ते या गावात तसं अलीकडचंच. सासूबाईंना दमणूक वाटत नसेल तर परतताना पारोड्याच्या डोंगरावरचा चंद्रेश्वर भूतनाथ बघा, तोही याच चंद्रपुराच्या काळाशी जोडलेला देव.

आता जिना. घरातलं बघण्यासारखं सगळं वरच्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. जिना रुंद आहे, घाई न करता चढता येतो. एकदा वर गेलं की फिरणं सपाट. मात्र बसायला सगळीकडे खुर्च्या दिसतील आणि त्यांतल्या बहुतेकांवर बसायचं नसतं. आत शिरतानाच घरच्यांना सांगा की आईंना गुडघ्याचा त्रास आहे, कुठे बसू देत? कुणीही नाही म्हणणार नाही. न विचारता टेकलात तर दीडशे वर्षांपूर्वीचा वेत कचकन आवाज करतो, आणि तो आवाज माझ्यासारखीला रात्री झोपू देत नाही.

जिना चढलात की घर दोन भागांत जातं: एका बाजूला मेनेझिस ब्रागांझा, दुसऱ्या बाजूला ब्रागांझा परेरा. दोन्ही बाजू वेगळ्या कुटुंबांच्या आहेत, दोन्हीकडे वेगळी देणगी द्यायची असते. "आत्ता तर दिले" असं पाहुणे म्हणतात तेव्हा मला फार अवघडायला होतं. इथे थांबून मुलीला हे घर दुभंगलं कसं ते समजावून सांगा, कारण झुंबरांपेक्षा ही गोष्ट मोठी आहे.

गोव्यात वारशाच्या बाबतीत 1867 च्या पोर्तुगीज नागरी कायद्याची तत्त्वं अजून चालतात, आता ती गोव्याच्या स्वतःच्या वारसा कायद्यात आली आहेत. आईबापांना मालमत्तेचा अर्धाच भाग मनासारखा कुणाला देता येतो. उरलेला अर्धा मुलांचा, आणि त्यात मुलगा-मुलगी समान. उर्वरित भारतात मुलींना हे मिळायला किती वर्षं लागली ते तुम्ही जाणताच. कायदा म्हणून उत्तम. पण घराला तो जड जातो. तीन पिढ्यांत एका छपराचे वीस मालक होतात, काही मुंबईत, काही लिस्बनला, काही कॅनडात. एका घराच्या नुसत्या छपराच्या दुरुस्तीसाठी मला अकरा सह्या लागल्या होत्या. दहा आल्या. अकरावी येईपर्यंत पावसाळा येऊन गेला आणि एक वासा खाली आला.

दुसरी बाजू शेतीची. ही घरं भात, नारळ आणि खंडावर उभी होती. भाटकार म्हणजे जमीनदार वर, त्याच्या जमिनीत घर करून राहणारे मुंडकार आणि कुळं खाली. मुक्तीनंतर 1964 चा कुळ कायदा आला, मग 1976 च्या पाचव्या दुरुस्तीने कुळं जमिनीची मालक झाली. ते व्हायलाच हवं होतं. ज्याने चिखलात पाय रोवले त्याचं शेत. पण त्या दिवसापासून या घरांना उत्पन्न नाही, आणि छप्पर तेवढंच मोठं. दाराशी ठेवलेल्या पेटीत आपण टाकतो ते पैसे कौलं, चुना आणि वाळवीच्या औषधात जातात. घासाघीस करू नका एवढंच म्हणते.

आत काय बघायचं? मार्गदर्शक मंडळी झुंबरं, इटालियन संगमरवराची फरशी आणि परेरांच्या बाजूच्या हॉलमधल्या दोन उंच पाठीच्या खुर्च्या दाखवतील. पोर्तुगालच्या दों लुईस राजाने दिलेल्या म्हणून त्या प्रसिद्ध आहेत. त्या बघाच. त्याच बाजूला घरचं प्रार्थनाघर आहे, त्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचं रत्नजडित कोंदणातलं नख जपलेलं आहे. आठ वर्षांच्या मुलाला घरातली दुसरी कुठलीही गोष्ट लक्षात राहिली नाही तरी हे नख राहील, माझा अनुभव आहे. तिथे मात्र आवाज खाली, हे देवघर आहे.

पण माझं ऐकाल तर एका खिडकीपाशी पाच मिनिटं थांबा. जुन्या खिडक्यांत काच नाही, शिंपले आहेत. एक चपटा, जवळजवळ पारदर्शक शिंपला असतो. झुआरीच्या मुखाशी चिखलीच्या खाडीत तो अजून मिळतो. त्याच्या कडा कापून, घासून साधारण दोन बाय तीन इंचांचे तुकडे करायचे आणि लाकडी पट्ट्यांच्या खाचेत एकेक सरकवायचे. डिंक नाही, खिळा नाही. काच परदेशातून आणावी लागे, महाग पडे, वाटेत फुटे. शिंपला खाडीत फुकट. आणि गोव्याच्या उन्हात काचेपेक्षा शिंपलाच शहाणा. ऊन आत येतं ते दुधासारखं होऊन, डोळ्यांना टोचत नाही, लाकूड तडकत नाही. एखादा तुकडा फुटला तर सुतार वरची पट्टी अलगद काढतो, तुकडे खाली सरकतात, वरून नवा घालतो. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा महाविद्यालयात शिकवलेल्या खिडक्यांचा सगळा धडा मला पोरकट वाटला. आता नवे शिंपले काढण्यावर वन्यजीव कायद्याचं बंधन आहे, म्हणून आम्ही पडक्या घरांच्या मोडक्या खिडक्यांतून तुकडे गोळा करून ठेवतो. माझ्या कपाटात बिस्किटांचे दोन डबे भरून आहेत. मुलांना खिडकीला हात न लावता नाक जवळ नेऊन बघू द्या, शिंपल्यावरच्या बारीक रेघा दिसतात.

मग फर्निचर. शिसवीचं, कोरीव, पण बैठक वेताची. युरोपात अशा खुर्चीवर मखमल असती. इथल्या घामात मखमलीला चार महिन्यांत बुरशी आली असती, म्हणून वेत. इंग्रजी एस अक्षरासारखी दोघांची खुर्ची सापडते का बघायला सांगा: दोघं शेजारी, तोंडं विरुद्ध दिशांना, त्यामुळे बोलणं होतं आणि घरचे वडीलधारे निश्चिंत. तेरा वर्षांच्या मुलीला याची जितकी गंमत वाटते तितकी कुठल्याच तारखेची वाटत नाही.

कपाटातली चिनी मातीची भांडी बघताना तिला विचारा, चीन इथे कसा आला? मकाव या पोर्तुगीज वसाहतीतून. 1844 पर्यंत मकावचा कारभार गोव्याच्या हाताखाली होता. पणजीच्या सरकारी कचेरीत चीनच्या किनाऱ्यावरच्या गावाचे कागद येत, आणि त्याच बोटींतून बशा येत. फोनवर नकाशा काढून चांदर ते मकाव बोट फिरवायला लावा. मेनेझिस ब्रागांझांच्या बाजूला सुमारे पाच हजार पुस्तकांचा संग्रह आहे. पुस्तकांना हात लावता येत नाही, पण इतकी पुस्तकं आणि इतकी वाळवी एका घरात राहूनही पुस्तकं टिकली, यामागे कुणाचं तरी रोजचं काम आहे.

एकदा मान वर करून छपराकडेही बघा. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. मे महिन्यात कौलं परतायची असतात: एकेक काढून, झाडून, फुटकी बदलून परत बसवायची. एक वर्ष चुकलं की एका फुटक्या कौलातून थेंब वाशावर पडतो. ओल्या वाशाला वाळवी लागते, वासा वाकतो, शेजारची दहा कौलं सरकतात. घर कोसळतं ते असं, वादळाने नव्हे. कुठे छताच्या कोपऱ्यात तपकिरी डाग दिसला तर "अरेरे, काय दुर्लक्ष" असं मोठ्याने म्हणू नका. घरची माणसं शेजारच्या खोलीत असतात आणि त्यांना मराठी चांगलं कळतं. भिंतीचा खालचा फूटभर भाग पोपडे धरून सुटलेला दिसला तर समजा, कुणीतरी चुना काढून सिमेंट फासलं आहे. जांभा ओल शोषतो, चुना ती बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडतो. एका घरी ठेकेदाराने माझ्या गैरहजेरीत असंच 'पक्कं' काम करून ठेवलं होतं. ते खरवडायला मूळ कामापेक्षा जास्त दिवस लागले.

फोटो विचारूनच काढा. दोन्ही बाजूंचे नियम सारखे असतील असं धरू नका. काही दारं बंद असतील, ती बंदच राहू द्या. त्यामागे कुणाचं अंथरूण असतं, औषधाच्या गोळ्या असतात, वाळत घातलेले कपडे असतात. एकदा एका पाहुण्याने असं दार ढकललं तर आत घरमालकाच्या आई टीव्ही बघत होत्या. त्यांनीच "या, बसा" म्हटलं. पाहुणे मात्र पळाले.

दोन्ही बाजू मिळून दीड तास पुष्कळ झाला. तिथून केपें जवळच. तिथलं पालासियो दो देआंव हे घर 1787 चं, आणि हे मात्र खरोखर एका पोर्तुगीज उमराव धर्मगुरूचं. केपें गाव वसवण्याचं श्रेयही त्याच धर्मगुरूला देतात. समोर चर्च, मागे बाग, बागेपलीकडे कुशावती नदी. घर पडायला आलं होतं, एका गोवेकर जोडप्याने वर्षानुवर्षं खपून ते उभं केलं आणि तिथेच राहतात. चांदरनंतर हे बघितलं की मुलांना फरक आपोआप कळतो: तिथे पिढ्या साठत गेल्या, इथे मोडलेलं पुन्हा जुळवलं. आगाऊ सांगितलं तर जेवण मिळतं, नदीच्या बाजूच्या ओसरीवर. मेनू आधी विचारून घ्या; सासूबाई शाकाहारी असतील तर फोनवरच स्पष्ट बोला. आणि इथे बागेत मुलांना पळता येतं, जे सकाळभर दाबून ठेवलेलं असतं.

लोटलीतही सुंदर घरं आहेत, मारियो मिरांडांचं घराणं तिथलंच. ती पुढच्या खेपेला. मडगावात बोर्डा भागात सात बुरजांचं घर आहे, सातांपैकी तीनच शिखरं उरलीत. ते गाडीतून रस्त्यावरून बघितलं तरी चालेल.

परतीच्या वाटेवर पर्वरीजवळ तोर्ड्याला थांबायला तासभर असेल तर 'हाउसेस ऑफ गोवा' संग्रहालय बघा. त्रिकोणी, जहाजासारखी इमारत आहे. गोव्यातल्या दारांचे, खिडक्यांचे, कठड्यांचे नमुने आणि नकाशे एकत्र मांडलेत. आधी बघितलं असतं तर बरं असं लोक म्हणतात. मला उलट वाटतं. खरी खिडकी आधी बघितली की इथली खिडकी मुलं ओळखतात आणि "हे आपण पाहिलंय" म्हणून ओरडतात.

आदल्या संध्याकाळी चांदर आणि केपें दोन्हीकडे फोन करा, घरात कुणाचं आजारपण किंवा लग्नकार्य असलं तर दार उघडत नाहीत. सुट्टे पैसे जवळ ठेवा. पाण्याची बाटली गाडीत, आत नाही. आणि सासूबाईंना डबा द्यायचा असेल तर त्यात घरची लिंबाची फोड किंवा तिखटमिठाचं काही जरूर ठेवा. बाल्कांवात कुणी त्यांना बसवून गप्पा मारायला लागलं तर पुढे करायला बरं पडतं.